नवखा खेळाडू, सोपा गेम आणि पुढची पायरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ गेम कधीच न खेळलेल्या माणसाला कंपन्या खेळाकडे कशा ओढतात आणि तिथून मोठ्या, खोल गेमकडे कशा नेतात, याबद्दल मला सतत प्रश्न येतात. काही प्रश्न नुकतीच सुरुवात केलेल्यांचे असतात. काही जुन्या, मुरलेल्या खेळाडूंचे असतात आणि त्यांत थोडा रागही असतो: नव्यांसाठी आमचे गेम का पातळ करता? दोघांनाही इथे उत्तरं मिळतील. माझं मत आधीच सांगते. नवख्याला आत आणणं हे काम जमणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. आत आल्यावर त्याला पुढची पायरी दाखवणं फार थोड्यांना जमतं, आणि बहुतेक वेळा चूक कंपनीची असते, खेळाडूची नाही.

खोल गेम म्हणजे अवघड गेम का?

नाही. हा गोंधळ सुरुवातीलाच दूर करायला हवा. अवघड गेम म्हणजे ज्यात हरायला होतं. गुंतागुंतीचा गेम म्हणजे ज्यात नियमच खूप असतात. खोल गेम म्हणजे जितकं खेळावं तितकं नवं दिसत जातं तो.

टेट्रिसचंच पाहा. १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो मॉस्कोत बनवला. सात आकार, ते फिरवायचे आणि ओळ भरायची. नियम समजायला एक मिनिट पुरतं. पण जपानी कंपनी निन्टेन्डोच्या १९८९च्या आवृत्तीत गेम स्वतःच थिजून बंद पडेल इतक्या पुढे पहिला माणूस पोहोचला, तेव्हा २०२३ साल संपत आलं होतं. एका मिनिटात कळणाऱ्या गेमच्या तळाशी जायला ३४ वर्षं लागली. म्हणजे सोपा आणि खोल हे एकमेकांचे शत्रू नाहीत.

कंपन्यांना नवे खेळाडू लागतातच कशाला? जुने पुरत नाहीत का?

जुने खेळाडू नोकरी, संसार, मुलंबाळं यांत अडकतात, खेळाचे तास घटतात. मोठा गेम बनवायचा खर्च मात्र दर पिढीला वाढतो. त्याच त्या लोकांना विकत राहिलं तर हिशेब बसत नाही.

सातोरू इवाता २००२ साली निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी हीच गोष्ट उघडपणे मांडायला सुरुवात केली. गेम दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होत आहेत, लोक मागे सुटत आहेत, तेव्हा खेळणाऱ्यांची संख्याच वाढवायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. इवाता मुळात प्रोग्रामर. गेमचं आतलं यंत्र ज्याला ठाऊक आहे असा माणूस हे म्हणत होता, म्हणून त्याला वजन होतं.

नवख्या माणसाला साधा गेमसुद्धा एवढा अवघड का जातो?

या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच.

आजच्या कंट्रोलरवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर, दोन स्टिक असतात: अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांड्या. डाव्या अंगठ्याने पात्र चालवायचं, उजव्याने कॅमेरा फिरवायचा. मुरलेल्या खेळाडूला यात काही विशेष आहे हे आठवतसुद्धा नाही. माझ्या मावशीच्या हातात मी पहिल्यांदा कंट्रोलर दिला, तेव्हा तिचं पात्र आकाशाकडे बघत भिंतीला धडकत राहिलं. ती चालत असताना बघू शकत नव्हती आणि बघत असताना चालू शकत नव्हती. समोर शत्रू नव्हता, कोडं नव्हतं, एक मोकळी खोली होती फक्त. त्या खोलीतून बाहेर पडायला तिला दहा मिनिटं लागली आणि ती म्हणाली, "हे माझ्यासाठी नाही गं." त्या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते खरं नव्हतं. तिला कुणी वाचायलाच शिकवलं नव्हतं आणि मी थेट जाड पुस्तक हातात दिलं होतं.

गेम हीसुद्धा एक लिपी आहे. लाल पट्टी म्हणजे जीव. चकाकणारी वस्तू उचलता येते. ज्या दाराला मूठ नाही ते नुसतं चित्र आहे. भिंतीला तडा दिसला तर ती फुटते. ही अक्षरं लहानपणापासून खेळणाऱ्याने कधी शिकली ते त्यालाही सांगता येणार नाही. बनवणारेही बहुतेक असेच असतात, त्यामुळे "हे तर कुणालाही कळेल" असं त्यांना मनापासून वाटतं.

१९९६ साली 'सुपर मारिओ ६४' आला तेव्हा तीन मितींत फिरणारा कॅमेरा लोकांना नवा होता. निन्टेन्डोने काय केलं? ढगावर बसलेलं, हातात कॅमेरा धरलेलं लाकिटू नावाचं पात्रच सुरुवातीला दाखवलं: हा तुमच्या मागे मागे उडतोय, तुम्हाला जे दिसतंय ते याच्या कॅमेऱ्यातून. एका चित्रात संकल्पना कळली. पुढे सगळ्यांनाच कॅमेऱ्याची सवय झाली असं उद्योगाने गृहीत धरलं आणि समजावून सांगणारी अशी पात्रं दिसेनाशी झाली. पण नवखा माणूस तर दररोज जन्माला येतो.

ही नवख्यांना ओढण्याची कल्पना केव्हापासूनची?

उद्योगाच्या पहिल्या दिवसापासूनची. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा पहिला आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायचा गेम, 'कॉम्प्युटर स्पेस' १९७१ साली आला. अवकाशयान, ते पुढे ढकलणारा थ्रस्ट, फिरवायची वेगळी बटणं आणि वर छापलेल्या भरपूर सूचना. तंत्र जाणणाऱ्यांना तो आवडला, बाकीचे पुढे निघून गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अटारीने 'पाँग' आणला. एक गोल मूठ फिरवायची. सूचनेचा गाभा एवढाच: चेंडू चुकवू नका, गुण मिळवा. बाकी इतिहास माहीत आहेच.

१९८० साली तोरू इवातानी यांनी 'पॅकमॅन' बनवला तोही असाच विचार करून. आर्केडमध्ये तेव्हा परग्रहवासीयांवर गोळ्या झाडणारे गेम भरले होते आणि तिथे बहुतेक पुरुषच दिसायचे. बायकांनी आणि जोडप्यांनीही यावं म्हणून त्यांनी गोळीबाराऐवजी खाणं हा विषय घेतला आणि भुतांना गोड रंग दिले. विषय बदलला की दार रुंद होतं, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. गंमत म्हणजे पॅकमॅन खोलही निघाला. चारही भुतांचा पाठलाग करायचा स्वभाव वेगवेगळा आहे, आणि तो ओळखणारा खेळाडू वेगळाच गेम खेळत असतो.

मायक्रोसॉफ्टचा सॉलिटेअर १९९० साली विंडोज ३.०बरोबर आला. ज्यांनी कधी माउस धरला नव्हता त्यांना वस्तू पकडून, ओढून सोडायची सवय त्या पत्त्यांनी लावली.

मग आज नवख्याला दारापर्यंत आणतात कसं?

ओळखीच्या गोष्टीचा हात धरून. हात हलवणं, गाडीचं चाक फिरवणं, पेनाने लिहिणं, कुत्र्याला कुरवाळणं या गोष्टी माणसाला आधीच येतात. २००५च्या 'ब्रेन ट्रेनिंग'मध्ये निन्टेन्डो डीएस हे यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं आणि बेरजेचं उत्तर पेनाने अंकात लिहायचं. बटणांना हातही लावायचा नाही. त्याच वर्षीच्या 'निन्टेन्डॉग्ज'मध्ये पिल्लाला हाक मारायची, कुरवाळायचं. डीएसची एकूण विक्री १५ कोटींच्या पुढे गेली, त्यात अशा गेमचा वाटा मोठा होता.

बाकीचे मार्ग तुम्हाला माहीत असतील: यंत्रासोबत गेम मोफत देणं, गेमच फुकट ठेवणं, महिन्याच्या वर्गणीत शेकडो गेम देणं, आणि मित्राला सोबत घेऊ देणं. हा शेवटचा मार्ग मला सगळ्यात सच्चा वाटतो. 'इट टेक्स टू' या २०२१च्या गेममध्ये एकाने विकत घेतला की दुसरा फुकट सोबत खेळू शकतो. माणूस गेमकडे जाहिरातीने येतो त्याहून जास्त माणसामुळे येतो.

निन्टेन्डो वी हे यश की अपयश? दोन्ही बाजूंनी वाद ऐकलेत.

दोन्ही, आणि म्हणूनच त्याचा अभ्यास करावा.

२००६च्या नोव्हेंबरमध्ये टीव्हीला जोडून खेळायचं वी हे यंत्र आलं. रिमोटसारखा कंट्रोलर. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी सोबत 'वी स्पोर्ट्स' मिळायचा. टेनिसमध्ये पात्र आपोआप चेंडूपाशी धावायचं, तुम्ही फक्त हात फिरवायचा. आजी-आजोबांपासून सगळे खेळले. वी १० कोटींहून जास्त विकला गेला. 'वी स्पोर्ट्स'च्या ८ कोटी २० लाखांहून जास्त प्रती घराघरांत गेल्या. नवख्याला आत आणण्यात याहून मोठा विजय क्वचितच कुणाला मिळाला असेल.

आता दुसरी बाजू. त्याच यंत्रावर २०११ साली 'झेल्डा: स्कायवर्ड स्वोर्ड' आला. हात फिरवून तलवार चालवायची, म्हणजे वरवर पाहता 'वी स्पोर्ट्स'चाच धाकटा भाऊ. त्याच्या प्रती ४० लाखांच्याही आत राहिल्या. पुढचं यंत्र, २०१२चं वी यू, तर एक कोटी छत्तीस लाखांच्या आसपास थांबलं. त्यामागे नावाचा गोंधळ होता, मधल्या काळात स्मार्टफोनने हलके गेम खिशात आणून ठेवले होते, ही कारणं खरीच. पण माझ्या मते एक कारण आधीचं होतं. 'वी स्पोर्ट्स'ने हात फिरवायला शिकवलं, त्यापुढचं अक्षर शिकवलंच नाही. झेल्डात पाऊल ठेवलं की दुसऱ्या हातात स्टिक येते, लक्ष्य धरून ठेवायचं बटण येतं, नकाशा येतो, सामानाची यादी येते. तळमजल्यावरून थेट पाचव्या मजल्यावर, आणि मधे जिना नाही.

जिना जिथे होता तिथे लोक चढलेही. 'मारिओ कार्ट वी' २००८ साली प्लास्टिकच्या चाकासकट आला आणि ३ कोटी ७० लाखांच्या पुढे गेला. चाक कसं फिरवायचं ते सगळ्यांना कळतं. आत मात्र ड्रिफ्ट होतं, म्हणजे वळणावर गाडी घसरवत नेणं, त्यातून बूस्ट, म्हणजे क्षणभराचा जादा वेग, कमवायचा होता, ३२ ट्रॅक होते, जगभरातल्या लोकांशी शर्यत होती. ज्याला हवं तो त्याच गेममध्ये खाली खाली उतरत गेला. वेगळा 'खोल गेम' विकत घ्यायची वेळच आली नाही.

चांगला पूल कसा ओळखायचा?

मी एकच गोष्ट बघते: पुढच्या गेममध्ये नवं किती आहे? एक नवी गोष्ट असेल तर माणूस उडी मारतो. सहा असतील तर परत फिरतो.

'पोकेमॉन गो' २०१६च्या जुलैमध्ये आला आणि कोट्यवधी लोकांना फोनवर बोटाने चेंडू फेकून पोकेमॉन पकडायचं वेड लागलं. यातले कित्येक जण मूळ पोकेमॉन मालिका कधीच खेळलेले नव्हते. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रावर 'लेट्स गो पिकाचू' आणि 'लेट्स गो ईवी' आले. त्यांत जंगली पोकेमॉन पकडायची पद्धत तीच ठेवली: झुंज नाही, चेंडू फेका. एका हाताने खेळता येतो. दुसरा माणूस कधीही येऊन साथ देऊ शकतो. फोनवर पकडलेले काही पोकेमॉन इकडे आणताही येतात. नवं काय? प्रशिक्षकांशी होणाऱ्या पाळीपाळीच्या झुंजी, म्हणजे मूळ मालिकेचा गाभा. तेवढीच एक पायरी. पुढच्याच वर्षी पूर्ण वाढीचे 'स्वोर्ड' आणि 'शील्ड' आले. इतका विचारपूर्वक बांधलेला जिना मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि एकाच गेमच्या आत असा जिना बघायचा असेल तर 'मारिओ कार्ट ८ डीलक्स' बघा. त्यात गाडी रस्त्यावर राखणारी मदत सुरुवातीपासून चालूच असते, चार वर्षांचं मूलसुद्धा शर्यत पुरी करतं. पण ती चालू असताना काही चोरवाटा घेता येत नाहीत आणि सगळ्यात मोठा ड्रिफ्ट बूस्ट मिळत नाही. खेळत खेळत एक दिवस तुम्हाला वाटतं, मला तिथून जायचंय. तेव्हा तुम्ही स्वतः मदत बंद करता. 'फोर्झा होरायझन'मध्ये ब्रेक, वळण, गिअर यांची एकेक मदत बंद केली की शर्यतीनंतरचं बक्षीस वाढतं. कुणी ढकलत नाही, पण वर काय आहे ते दिसत राहतं.

ट्यूटोरियल, म्हणजे गेम शिकवणारा सुरुवातीचा भाग, असतं की. ते वाचलं तर सगळं कळत नाही का?

वाचून पोहायला कुणी शिकलंय का?

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं पहिलं लेव्हल आठवा. पडद्यावर एक अक्षरही सूचना नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून माणूस उजवीकडे जातो. समोरून एक रागीट चेहऱ्याचा गूम्बा येतो. धडक बसली तर मेलात, पण काय गमावलं? पाच सेकंदं. दुसऱ्या वेळी उडी मारून बघता. मग ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे जातो, पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतो. टाळायचा म्हटलं तरी टाळणं कठीण. अंगाला लागतो आणि मारिओ मोठा होतो. हा चांगला होता तर! शिगेरू मियामोतो यांनी नंतर ही मांडणी कशी विचारपूर्वक केली ते सांगितलं आहे.

'पोर्टल'नेही २००७ साली हेच केलं. दोन दारं उघडणारी बंदूक सुरुवातीला तुमच्या हातात नसतेच. आधी दारं आपोआप उघडतात, तुम्ही फक्त चालून जाता. मग एकच दार उघडणारी बंदूक मिळते. दुसरं दार हाती येईपर्यंत तुम्ही दारांच्या भाषेत विचार करायला लागलेले असता. आख्खा गेमच ट्यूटोरियल आहे आणि तरी शिकवतोय असं कुठे वाटत नाही. बंदूक असलेले गेम न खेळणाऱ्या कितीतरी जणांना मी तो सुचवला आहे. एवढंच की त्यातही दोन स्टिकचा किंवा माउस-कीबोर्डचा सराव लागतो, तो आधी कुठेतरी झालेला हवा.

सूचना लिहाव्याच लागतात असे गेमही असतात. 'क्रूसेडर किंग्ज ३' हा २०२० सालचा गेम मध्ययुगीन राजघराण्यांचा. त्यात वारसाहक्क, सरदार, लग्नं, कटकारस्थानं यांचे शेकडो नियम आहेत. तिथे कुठल्याही शब्दावर माउस ठेवला की अर्थ उलगडतो, त्या अर्थातल्या शब्दावर ठेवला की त्याचाही उलगडतो. अडलं तिथेच उत्तर. पन्नास पानांची पुस्तिका आधी वाचायला लावण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

सोपा मोड म्हणजे फसवणूक नाही का? मी तर सगळं स्वतः शिकलो.

तुम्ही शिकलात त्याचा आदर आहे. पण कुणी तरी तुम्हाला वेळ दिला होता: शाळेची सुट्टी, भावाची साथ, मित्राकडचा दुसरा कंट्रोलर. ज्याच्याकडे तो वेळ नाही त्याच्यासाठी मदत म्हणजे उधार घेतलेला वेळ.

आणि मदतीने मालिका जगतात. 'फायर एम्ब्लेम'मध्ये लढाईत पडलेला सैनिक कायमचा जायचा. मुरलेल्यांना हाच ताण प्रिय होता. पण विक्री घटत गेली आणि 'अवेकनिंग' चालला नसता तर मालिका बंद करायची वेळ आली होती. २०१२च्या त्या गेममध्ये कॅज्युअल मोड ठेवला, म्हणजे पडलेला सैनिक पुढच्या लढाईला परत येतो. जुना नियम हवा त्यांच्यासाठी तोही होताच. गेम चालला, मालिका वाचली. म्हणजे ज्यांनी सोप्या मोडवर तोंडसुख घेतलं त्यांचेही पुढचे गेम त्याच मोडमुळे आले.

मदत कशी द्यावी यातही फरक असतो. 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एका लेव्हलला आठ वेळा मेलात की हिरवा ठोकळा दिसतो. त्याला टोला मारला की मारिओचा भाऊ लुइजी लेव्हल खेळून दाखवतो, आणि मध्येच कुठेही तुम्ही सूत्रं हातात घेऊ शकता. 'सेलेस्ट'मध्ये तुम्ही गेमचा वेगच कमी करू शकता. 'हेडीस'मधला गॉड मोड मला सगळ्यात आवडतो. सुरुवातीला लागणारा मार २० टक्के कमी होतो, आणि प्रत्येक वेळी मेलात की आणखी २ टक्के. शत्रू तेच, चाली त्याच. जो अडखळतो त्याला गेम थोडा थोडा हात पुढे करतो.

'स्ट्रीट फायटर ६' या २०२३च्या मारामारीच्या गेममध्ये अवघड चाल एका बटणावर देणारी मॉडर्न पद्धत आहे. अशी झटपट मारलेली चाल २० टक्के कमी इजा करते. हा न्याय मला पटतो: आत या, लगेच खेळा, आणि पूर्ण ताकद हवी असेल तर जुनी बोटांची कसरत शिका. तीही त्याच पद्धतीत करता येते.

नव्यांसाठी बदल केले की जुने खेळाडू दुरावतात ना?

बदल कुठे केला त्यावर आहे. काटे काढले तर कुणी दुरावत नाही, गाभा काढला तर सगळेच दुरावतात.

'मॉन्स्टर हंटर' मालिकेत पूर्वी जंगलाचे तुकडे असायचे आणि प्रत्येक तुकड्यापाशी गेम थांबायचा. प्राणी हाताने शोधावा लागायचा. २०१८च्या 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'ने जंगल सलग केलं आणि प्राण्याचा माग दाखवणारे काजवे दिले. शिकार मात्र तितकीच बिकट ठेवली. तो कॅपकॉमचा सर्वाधिक विकला गेलेला गेम ठरला.

'एल्डन रिंग'चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या गेममध्ये सोपा मोड नसतो, इथेही नाही. पण २०२२ साली त्यांनी पहिल्यांदा एवढं मोठं मोकळं जग दिलं. पहिल्या दाराशी उभा असलेला शत्रू झेपत नाही? घोडा वळवा, दुसरीकडे जा, बळ कमवा, आत्म्यांना मदतीला बोलवा आणि मग या. आधीच्या गेममध्ये भिंत आली की माणूस बहुतेक वेळा तिथेच डोकं आपटत बसायचा. इथे भिंतीला वळसा मिळाला. तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती गेल्या. अवघडपणा तसाच ठेवूनही दार रुंद करता येतं याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

फुकट गेम खेळाडूला खोल गेमकडे नेतात की फक्त खिशाकडे?

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. पुढे नेणं याचे दोन अर्थ होतात. एक, खेळाडूला जास्त समजायला लागणं. दोन, खेळाडूने जास्त पैसे टाकणं. कंपन्यांच्या बैठकांत दोन्हीसाठी एकच शब्द वापरला जातो, आणि तिथेच घोळ होतो.

फुकट गेम प्रामाणिक असू शकतो. 'लीग ऑफ लेजंड्स' २००९पासून फुकट आहे आणि त्याच्या खोलीबद्दल कुणी शंका घेणार नाही. पण तो नवख्यासाठी अतिशय निर्दय आहे, हेही खरं. 'फोर्टनाइट'ने २०१९ साली सामन्यांत संगणकाचे खेळाडू मिसळायला सुरुवात केली, तुम्ही जसजसे सुधाराल तसतसे ते कमी होतील असं जाहीर करून. नवख्याला पहिल्या सामन्यात निदान एक-दोन जण टिपल्याचा आनंद मिळतो. सांगून केलं असेल तर मला यात गैर वाटत नाही. न सांगता केलेलं मात्र मला खटकतं, कारण खेळाडूला स्वतःच्या कौशल्याबद्दल खोटं सांगितलं जातं.

आणि वाईट बाजूही त्याच गेमच्या नावावर नोंदलेली आहे. २०२२च्या डिसेंबरमध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर एकूण ५२ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. त्यातले २४ कोटी ५० लाख ग्राहकांना परत करायचे होते. आरोप असा होता की बटणांची मांडणी इतकी गोंधळाची होती की नकळत एका दाबात खरेदी व्हायची. आता विचार करा, अशा मांडणीत सगळ्यात आधी कोण फसतो? ज्याला अजून पडद्यावरची लिपी वाचता येत नाही तो. नवखा आणि लहान मूल. ज्याला बोट धरून आत आणायचं त्याचाच खिसा कापायचा, हे मला कुठल्याही हिशेबात माफ करता येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. महिनाभर खेळल्यावर तुम्हाला आधी न दिसणाऱ्या चाली दिसायला लागल्या असतील, तर गेमने तुम्हाला काही दिलं. फक्त वस्तू वाढल्या असतील आणि हात तोच असेल, तर नाही.

मोबाइलवर खेळणारे कन्सोलकडे, म्हणजे खास गेमसाठीच्या यंत्राकडे, वळतात का?

काही वळतात. आपोआप वळत नाहीत. निन्टेन्डोने २०१६च्या डिसेंबरमध्ये 'सुपर मारिओ रन' आणला. एका बोटाने खेळायचा, सुरुवातीचा भाग फुकट, पुढचा एकदाच पैसे भरून. मला तो व्यवहार स्वच्छ वाटला. डाउनलोड प्रचंड झाले, पण पैसे भरणारे कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाले. दोन महिन्यांनी आलेल्या 'फायर एम्ब्लेम हीरोज'ने नशिबाच्या सोडतीसारखी पात्रं विकून कितीतरी जास्त कमावलं. बाजाराने कोणता धडा दिला ते दिसतंच, आणि तो धडा मला आवडत नाही.

प्रत्येकाने खोल गेमकडे जायलाच हवं का?

नाही. रोज रात्री झोपण्याआधी सॉलिटेअरचे दोन डाव लावणारा माणूस अर्धवट खेळाडू नाही. पायरी असावी, सक्ती नसावी.

घरातल्या कुणाला तरी शिकवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

त्या माणसाच्या आवडीपासून. बागकाम आवडणाऱ्याला तलवार देऊ नका. २०२०चा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' चार कोटींहून जास्त घरांत गेला तो झाडं, मासे आणि घर सजवणं यांच्या जोरावर. त्यात कॅमेरा जवळजवळ सांभाळावाच लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

'इट टेक्स टू' सगळे सुचवतात, दोघांसाठी आहे म्हणून. पण त्यात पहिल्या मिनिटापासून दोन्ही स्टिक लागतात आणि उड्या नेमक्या माराव्या लागतात. अगदी नवख्यासाठी तो दुसरा किंवा तिसरा गेम. पहिल्यासाठी 'सुपर मारिओ ओडिसी' बघा. त्यात दुसरा खेळाडू फक्त मारिओची टोपी चालवतो. पडायची भीती नाही, आणि पडद्यावर आपल्यामुळे काहीतरी घडतंय हे दिसतं. शिवाय वाट दाखवणारा असिस्ट मोडही आहे.

बटणांची नावं घेऊ नका. "एक्स दाब" म्हटलं की माणूस खाली हाताकडे बघतो आणि तेवढ्यात पडतो. "खालचं बटण", "उजवं बटण" असं म्हणा. एका संध्याकाळी एकच नवी गोष्ट. कॅमेऱ्याचा सराव शत्रू नसलेल्या जागी, समोरच्याला हवा तितका वेळ.

आणि कंट्रोलर हातातून काढून घेऊ नका. "दे इकडे, मी पार करून देतो" हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण समोरच्याला ते "तुला जमणार नाही" असंच ऐकू येतं. मावशीच्या वेळी मी तेच केलं होतं. दोन वर्षांनी तिला पुन्हा बसवलं तेव्हा मी माझे दोन्ही हात मांडीखाली ठेवले. भिंतीला धडकायला तिला अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासाच्या शेवटी तिने कॅमेरा स्वतः वळवला, मागे एक दार होतं ते बघितलं, आणि मला न विचारता आत गेली.